ऑनलाइन सरकारी सेवांकडे लोक पुन्हा का येतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. दाखले, उतारे, योजनांचे अर्ज, हेच दिवसभराचं काम. प्रकल्पासाठी आलेली कॉलेजची मुलं, नवीन केंद्र घेऊ पाहणारे आणि कधी कधी साहेब लोकही फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. महसुली कामांची उदाहरणं जास्त आहेत, कारण माझ्याकडे गर्दी त्यांचीच.

लोक पुन्हा पुन्हा ऑनलाइन सेवा का वापरतात? एका वाक्यात सांगा.

हेलपाटा वाचतो म्हणून. बाकीची कारणं याच्या मागून येतात.

सातबाऱ्याचंच बघा. पूर्वी उतारा हवा असला की तलाठी सज्जावर कधी बसणार हे आधी काढावं लागे. एका सज्जात दोन-चार गावं. तलाठी भाऊसाहेब आज या गावी, उद्या तहसीलला मीटिंगला, परवा गारपिटीच्या पंचनाम्याला. सापडले तर रजिस्टर दुसऱ्या गावी. त्यात सोसायटीत पीककर्जाची फाइल अडकलेली आणि सचिव म्हणतोय, उतारा ताजा पाहिजे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळायला लागला. १५ रुपये भरायचे, गट नंबर टाकायचा, पीडीएफ उतरवून घ्यायची. रात्री दहाला काढा नाहीतर रविवारी काढा. एका हंगामात ज्यानं असा उतारा काढून कर्ज उचललं, तो पुढच्या हंगामात सज्जाची वाट धरत नाही. त्याला समजावून सांगावं लागत नाही, जाहिरातही लागत नाही.

पहिल्यांदा वापरणं आणि वापरत राहणं यात एवढा फरक काय?

खूप आहे. सरकारी आकडेवारीत तो दिसत नाही, एवढंच.

पहिल्यांदा माणूस गरजेपोटी येतो, धाकापोटी येतो किंवा शेजारी म्हणाला म्हणून येतो. दुसऱ्यांदा येताना तो पहिला अनुभव सोबत घेऊन येतो. यावर अभ्यासही झालेला आहे. अनोल भट्टाचार्जी या अभ्यासकांनी २००१ साली ऑनलाइन बँकिंग वापरणाऱ्यांकडे पाहून मांडणी केली: माणूस आधी काही अपेक्षा धरतो, मग अनुभव घेतो आणि दोन्हींचा मेळ बसला की समाधान होतं. ते समाधान आणि सेवेचा खरा उपयोग, या दोन्हींवर तो टिकतो की नाही हे ठरतं. त्याआधी १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी उपयोग आणि सोपेपणा या दोन गोष्टींवर भर दिला होता.

माझ्या काउंटरवरून पाहिलं तर सोपेपणाचं महत्त्व पहिल्या दिवशी. नंतर सगळा भार उपयोगावर. ई-पीक पाहणी सोपी आहे असं कोणताही शेतकरी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. शेतात उभं राहून ॲपवर गट निवडायचा, पीक नोंदवायचं, फोटो काढायचा. बांधावर रेंज नसते, उन्हात स्क्रीन दिसत नाही, जुना मोबाइल लोकेशन धरत नाही. तरी लोक दर हंगामात करतात. कारण सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर नुकसानभरपाईच्या आणि खरेदी केंद्राच्या वेळी हात चोळत बसावं लागतं. उलट काही तक्रार नोंदवायच्या सोयी अगदी सुटसुटीत असतात. दोन मिनिटांत तक्रार जाते, आठवडाभरात ‘निकाली काढली’ असा संदेश येतो आणि रस्त्यावरचा खड्डा तसाच. तिथे दुसऱ्यांदा कोण जाईल?

अपेक्षा म्हणजे नेमकं काय? सरकारी कामाकडून लोकांना अपेक्षा तरी असतात का?

असतात, फक्त फार खालच्या. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ हे ऐकतच आपण मोठे झालो. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला मुदतीत आला तरी लोक मिठाई द्यायला येतात. खोटं नाही सांगत, पेढे येतात. आपल्या हक्काची गोष्ट वेळेत मिळाली म्हणून पेढे वाटावे लागतात, हे बोलण्यासारखं आहे, पण तो विषय वेगळा.

काउंटरवर पहिल्या मिनिटाला आपण काय सांगतो यावर पुढचं बरंच ठरतं. केंद्रवाला म्हणाला, ‘उद्या देतो’ आणि दाखला नवव्या दिवशी आला, तर माणूस चिडतो. केंद्रवाला म्हणाला, ‘पंधरा दिवस धरा’ आणि दाखला त्याच नवव्या दिवशी आला, तर तोच माणूस खूश होऊन पुढच्या वेळी भावालाही घेऊन येतो. दाखला तोच, दिवस तेवढेच. नवीन केंद्र घेणाऱ्यांना मी पहिला सल्ला हाच देतो: तारीख लांबचीच सांगा.

पण बऱ्याच सेवा सक्तीच्याच आहेत. मग लोक ‘वापरतात’ असं कसं म्हणायचं?

बरोबर हरकत आहे. जिथे दुसरा रस्ताच ठेवलेला नाही तिथल्या संख्येवरून लोकांची पसंती कळत नाही. पीक विमा, शिष्यवृत्ती, कृषी योजनांचे अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, हे सगळं ऑनलाइनच. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’चे अर्ज १ जुलै २०२४ पासून सुरू झाले तेव्हाची गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिल्या आठवड्यात अधिवास आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बायका पहाटेपासून रांगेत होत्या. मग सरकारनं अट सैल केली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, अधिवासाऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल, असं ठरलं. त्या एका निर्णयानं जेवढी रांग कमी झाली, तेवढी कुठल्या नव्या सर्व्हरनं झाली नसती.

पुढे २०२५ मध्ये त्याच योजनेसाठी ई-केवायसी आली आणि त्याच बायका पुन्हा आल्या. यांना ‘परत येणारे वापरकर्ते’ म्हणायचं का? मी म्हणणार नाही. दरमहा १५०० रुपये थांबू नयेत म्हणून त्या आल्या. संकेतस्थळ चांगलं असतं की वाईट, त्या येणारच होत्या.

खरी परीक्षा दोन्ही वाटा उघड्या असतात तिथे होते. महावितरणचं बिल केंद्रावर रोख भरता येतं, मोबाइलवरही भरता येतं. ऑनलाइन भरलं तर पाव टक्का सूट, आणि छापील बिल नको असं कळवलं तर महिन्याला १० रुपयांची वेगळी सवलत. आमच्या गावातल्या तरुण घरांनी मोबाइलची वाट धरली ती पाव टक्क्यासाठी नव्हे. बिल भरायला दुकान सोडून जावं लागत नाही म्हणून.

सेवा ऑनलाइन आहे, तर लोक तुमच्या केंद्रात का येतात? घरून का करत नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, कारण मुरतं पाणी इथेच आहे.

पहिलं कारण अर्जाचा धसका. चुकलं तर काय, ही भीती. उत्पन्नाच्या अर्जात एखादा रकाना चुकला तर अर्ज त्रुटीत परत येतो आणि मुलीच्या प्रवेशाची तारीख निघून जाते. १०० रुपये गेले तरी चालतील पण चूक नको, असा हिशोब असतो आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

दुसरं कारण फोटो आणि कागद चढवणं. फोटो इतक्या केबीच्या आतच पाहिजे, कागद इतक्या केबीच्या आत पाहिजेत आणि गंमत म्हणजे एका ठरावीक केबीच्या वरही पाहिजेत. मोबाइलवर काढलेला फोटो सरळ चार-पाच एमबीचा निघतो. तो कापून, बारीक करून, पुन्हा वाचता येईल असा ठेवायचा, ही आमच्या धंद्याची खरी कारागिरी. कायद्याचं ज्ञान नव्हे, केबीचं ज्ञान विकतो आम्ही. परवा एक मावशी रेशनकार्ड घेऊन आल्या. घडीवर फाटलेलं, सेलोटेप पिवळी पडलेली, नातवाचं नाव नेमकं टेपखाली. स्कॅन केलं तर तिथे नुसता पांढरा पट्टा. शेवटी कार्ड खिडकीच्या उजेडात तिरकं धरून मोबाइलनं फोटो काढला तेव्हा नाव उमटलं. हे काम कुठलं संकेतस्थळ करणार?

तिसरं कारण सांगायला जरा अवघड जातं. बऱ्याच केंद्रांवर अर्जदाराचा लॉगिन बनवताना केंद्रचालकाचाच मोबाइल नंबर टाकला जातो. घाई असते, अर्जदाराचा फोन घरी राहिलेला असतो किंवा त्याला ओटीपी वाचता येत नसतो. मग अर्ज मंजूर झाल्याचा, त्रुटी निघाल्याचा, सगळा निरोप केंद्रवाल्याच्या फोनवर. अर्जदाराला काही कळत नाही, पुढच्या वेळी त्याला घरून लॉगिन करता येत नाही आणि तो आपसूक त्याच केंद्राचा कायमचा गिऱ्हाईक होतो. कागदावर हा माणूस ऑनलाइन सेवेचा नियमित वापरकर्ता. खरं तर तो संकेतस्थळाकडे नाही, दादाकडे परत येतो.

म्हणून कोणी विचारलं की लोकांचा विश्वास पोर्टलवर आहे का, तर मी विचारतो, कुठल्या लोकांचा? पुण्यात नोकरी करणारा मुलगा पोर्टल ओळखतो. त्याचे वडील मला ओळखतात.

मग केंद्रचालक म्हणजे नवा दलालच ना?

काही ठिकाणी हो. दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, पावती द्यायची आणि त्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, हा नियम आहे आणि तो मोडणारेही आहेत. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं पीक विमा एक रुपयात होता. केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळत, शेतकऱ्याकडून एका रुपयावर एक पैसाही घ्यायचा नव्हता. तरी शंभर-दोनशे घेतल्याच्या तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांतून आल्या, काहींचे परवाने गेले. योग्यच झालं.

पण जुना दलाल आणि आजचा केंद्रवाला यांत एक फरक आहे. जुन्या दलालाची मिळकत साहेबाच्या ओळखीवर होती, अर्ज कुठे अडला आहे ही माहिती फक्त त्याच्याकडे असे. आता अर्जाचा क्रमांक पावतीवर असतो, तो टाकून कोणीही स्थिती पाहू शकतं. आमच्यातल्या लबाडांना हेच खुपतं.

ऑनलाइन काढलेला कागद चालतो का? शिक्का कुठे आहे?

चालतो. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर तलाठ्याच्या शाईच्या सहीची आणि शिक्क्याची गरज नाही, तसं त्या उताऱ्यावरच छापलेलं असतं. खाली पडताळणी क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. तो तपासला की उतारा खरा की खोटा हे कोणालाही कळतं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा बिनस्वाक्षरीचा सातबारा मात्र फक्त पाहण्यापुरता. दोन्हींत गल्लत करून लोक फुकटचा उतारा बँकेत नेतात आणि मग ‘ऑनलाइनचं काही खरं नसतं’ म्हणत परत येतात.

लोक टिकतात की पळतात, ते इथेच ठरतं. समोरच्या टेबलानं कागद नाकारला की माणूस ऑनलाइन सेवेलाच दोष देतो. एका काकांना एका वित्तसंस्थेत सांगितलं गेलं, ‘गोल शिक्का मारून आणा’. त्यांना क्यूआर कोड दाखवून उपयोग काय? ते उन्हातान्हात सज्जावर गेले, शिक्का आणला आणि त्या दिवसापासून त्यांच्या लेखी डिजिटल सातबारा म्हणजे झेरॉक्स. डिजिलॉकरची, म्हणजे सरकारी कागद मोबाइलवर ठेवायच्या सोयीची, तीच कथा. ती सोय १ जुलै २०१५ रोजी सुरू झाली, त्यातून मिळालेला वाहन परवाना मूळ परवान्याइतकाच ग्राह्य आहे. तरी शाळेच्या खिडकीवर ‘ओरिजिनल दाखवा’ हे ऐकू येतंच. खरी शिकवणी घ्यायची असेल तर कागद स्वीकारणाऱ्या कारकुनाची घ्या, गावकऱ्याची नको.

लोक मध्येच का सोडून देतात?

ओटीपी येत नाही. हे एकच उत्तर लिहिलं तरी निम्मा प्रश्न सुटेल. आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो, रिचार्ज न केल्यामुळे तो दुसऱ्याला गेलेला असतो किंवा घरातल्या सगळ्यांच्या आधारला मोठ्या मुलाचाच नंबर असतो आणि तो मुलगा ऊसतोडीला गेलेला असतो.

मग बोटांचे ठसे. शेतात, वीटभट्टीवर, धुण्याभांड्यात हात झिजलेल्या माणसाचा अंगठा यंत्र धरत नाही. हात धुवायचे, कोरडे करायचे, दुसरं बोट लावायचं, पुन्हा पहिलं. मागे रांग वाढत असते आणि समोरची बाई ओशाळून म्हणते, ‘माझ्या हाताला रेघाच राहिल्या नाहीत बघा.’ तिची चूक काहीच नसते, पण घरी जाताना ती अपमान घेऊन जाते. पुढच्या वेळी ती स्वतः येत नाही, सुनेला पाठवते.

पैसे कापले गेले आणि कागद निघाला नाही, हे तिसरं. रक्कम पंधरा-वीस रुपयांचीच असते, पण त्यावरून डोक्यात जातं ते कायमचं. आणि चौथं म्हणजे कारण न सांगता आलेली त्रुटी. ‘कागदपत्रे अपुरी’ एवढंच लिहिलेलं असतं. कुठलं अपुरं ते लिहायला अधिकाऱ्याला दहा सेकंदं लागली असती.

नावातल्या फरकाचं काय? त्यामुळेही लोक वैतागतात ना?

प्रचंड. आधारवर इंग्रजीतून मराठी करताना झालेलं नाव वेगळं, शाळेच्या दाखल्यावर वेगळं, सातबाऱ्यावर आजोबांच्या काळचं वेगळं. सातबाऱ्यावर ‘दगडू’, आधारवर ‘दगडूराम’ आणि बँकेत आडनाव आधी. यंत्राला तिघं वेगळी माणसं वाटतात. गावाला माणूस एकच आहे हे माहीत असतं, म्हणून जुन्या पद्धतीत तलाठी ते जागेवर सोडवत असे. ऑनलाइन पद्धतीनं ही एक सोय हिरावून घेतली, हे मान्य केलं पाहिजे.

सातबाऱ्याच्या बाबतीत सरकारनं दोन चांगली कामं केली. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबारे गावोगाव चावडीवर वाचून दाखवले आणि चुका सुधारून घेतल्या. २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम बुलढाण्यातून सुरू होऊन राज्यभर गेली. तिच्यात मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावली गेली. अशा मोहिमेनंतर माझ्याकडे उतारा काढायला येणारे वाढतात. उताऱ्यावर स्वतःचं नाव दिसायला लागलं की माणूस तो दरवर्षी काढून पाहतो. कधी नुसताच, काही काम नसताना.

स्वस्त पडतं म्हणून लोक वापरतात का?

फीच्या दृष्टीनं नाही. रोजंदारीच्या दृष्टीनं हो. तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि दुपारचा वडापाव. यापुढे दाखल्याची फी किरकोळ.

ज्येष्ठ लोकांना हे जमत नाही, असं म्हणतात. खरं आहे?

निवृत्त माणसाला विचारून पाहा. पूर्वी दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाऊन ‘मी जिवंत आहे’ हे सही करून सांगावं लागे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं, आधी अंगठ्यावर, आणि २०२१ पासून चेहऱ्यावरूनही ओळख पटायला लागली. आता नातू आजोबांना ओसरीत बसवतो, मोबाइल तोंडासमोर धरतो, ‘आजोबा, पापण्या मिटा’ म्हणतो आणि काम होतं. माझ्याकडचे काही पेन्शनर पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत आणि न चुकता दरवर्षी हेच करतात. वयाचा संबंध शिकण्याशी कमी, घरात मदतीला कोण आहे याच्याशी जास्त. एकटा राहणारा साठ वर्षांचा माणूस अडतो आणि नातवंडांत राहणारी ऐंशीची आजी अडत नाही.

मुंबईत, परदेशात किंवा गोव्यात असलेल्यांचं काय?

हे सर्वात पक्के वापरकर्ते. कोकणातल्या सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात आणि त्यातली निम्मी मुंबई-ठाण्यात. गावच्या जमिनीवर नवीन फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, पडला का, हे चाकरमानी डोंबिवलीत बसून पाहतो. पूर्वी ही बातमी गणपतीत गावी गेल्यावर कळत असे, तोवर हरकतीची मुदत उलटून गेलेली असे. इथे सोयीपेक्षा धास्तीच मोठी. अमेरिकेतली मंडळीही मध्यरात्री गावचा उतारा उघडून पाहतात ते याच धास्तीनं. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा असतो, तोही ऑनलाइन मिळतो, आणि तिथेही बाहेर असलेले गोंयकार तो याच कारणासाठी पाहतात.

कायद्यानं मुदत ठरवून दिली आहे, त्याचा काही फायदा?

आहे, पण लोकांना ठाऊक असेल तरच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली पाहिजे: उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस, नॉन-क्रिमिलेयरला २१. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं. सबळ कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून अपील घरबसल्या करता येतं.

अपील करणारे थोडेच असतात. तलाठ्याशी वाकडं घ्यायला कोणी तयार नसतं, उद्या त्याच्याकडेच पंचनाम्याला जायचं असतं. तरीही मुदतीची घड्याळं स्क्रीनवर टिकटिकत असल्यामुळे फाइल दाबून ठेवणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. जूनमध्ये दहावी-बारावीच्या निकालानंतर अर्जांचा पूर येतो, तेव्हाही बहुतेक दाखले मुदतीत येतात ते त्यामुळे.

सगळी माहिती आधारशी जोडलेली असताना पुन्हा पुन्हा तेच कागद का मागतात?

याचं पटणारं उत्तर मलाही कोणी दिलेलं नाही. जात प्रमाणपत्र सरकारनंच दिलेलं, सरकारच्याच संगणकात पडलेलं आणि सरकारच्याच दुसऱ्या खात्याला त्याची स्कॅन केलेली प्रत हवी असते. एस्टोनियात २००१ पासून सरकारी खात्यांचे माहितीसाठे एकमेकांशी जोडलेले आहेत आणि जी माहिती एकदा दिली ती नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही, असं तत्त्व आहे. लोकसंख्येनं तो देश आपल्या एखाद्या जिल्ह्यापेक्षा लहान, हे खरं. पण निदान एका तहसीलच्या इमारतीतल्या दोन खोल्यांनी तरी एकमेकींना विचारावं, ही काही एस्टोनियाची गोष्ट नव्हे. आपल्याकडे २०१५ पासून बऱ्याच कामांना प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. तरी वर्षानुवर्षं लोक स्टँप पेपर घेऊन येतच होते, कारण कुठलं तरी टेबल तो मागतच होतं.

ऑफलाइन खिडकी बंद केली तर लोक आपोआप ऑनलाइन वळतील ना?

वळतील, आणि तिरस्कार करतील. खिडकी उघडी ठेवा. ऑनलाइनचा अनुभव बरा असेल तर ती खिडकी आपोआप ओस पडेल. ओस पडत नसेल तर गडबड कुठे आहे, हे त्या खिडकीवरच्या रांगेला विचारा. फुकटचा सर्वेक्षण अहवाल मिळेल.

माझ्या अर्जावर केंद्रवाल्याचा मोबाइल नंबर आहे. आता काय करू?

पहिल्यांदा आधारला तुमचा चालू नंबर जोडून घ्या. हे आधार केंद्रावर स्वतः जाऊन करून घेता येतं. नंतर त्या केंद्रावर जाऊन आपल्या प्रोफाइलमधला नंबर बदलायला सांगा. ओटीपी जुन्या नंबरवर जाणार असल्यानं त्याला समोर बसवूनच हे करून घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर नव्या नंबरवर नवीन नोंदणी होते का ते पाहा. अडलंच तर तहसीलमधल्या, दाखल्यांचं काम पाहणाऱ्या सेतू विभागात अर्जाचा क्रमांक घेऊन जा. यापुढे लॉगिन बनवताना फोन स्वतःच्या हातात ठेवा, ओटीपी स्वतः वाचून दाखवा, पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा. आणि पावती मागून घ्या, माझ्याकडे आलात तरी.